हौदातला हायड्रोमीटर

लोणच्याच्या बाटलीमागे, कोणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरांत, 'तज्ज्ञ केमिस्टच्या देखरेखीखाली तयार केलेले' असं छापलेलं असे. ती देखरेख म्हणजे मी. धारवाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, आणि पुढे नोकरीची सगळी वर्षं हुबळीतल्या एकाच लोणच्याच्या कारखान्यात काढलेली. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगत, "सून केमिस्ट आहे," आणि कुठे ते विचारलं की विषय बदलत.

अमरगोळच्या वाटेवर, मार्केट यार्डच्या अलीकडे आमचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. एक लांबलचक पत्र्याची शेड, मागे विहीर, आणि शेडच्या मधोमध छातीइतका खोल सिमेंटचा हौद. परवान्यासाठी कागदावर केमिस्टचं नाव लागतं म्हणून मला घेतलं होतं. पहिल्या दिवशी मालक म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं बसा. नाव असलं की झालं." मला नुसतं बसता येत नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मालकांना सगळे अप्पासाहेब म्हणत. पांढरं धोतर, काळी टोपी, आवाज कधी चढला नाही. जैन, आणि तेही नावापुरते नव्हे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न पिणारे. धंदा त्यांच्या आईने घरच्या परसात सुरू केलेला. अप्पासाहेबांनी पुढे एक व्रत घेतलं आणि मुरलेलं लोणचं खायचं सोडलं. म्हणजे हुबळी-धारवाडला लोणचं पुरवणारा हा माणूस स्वतः लोणच्याला शिवत नव्हता. गिऱ्हाइकाने "चव कशी आहे?" असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगत, "लोक बरी म्हणतात."

आता थोडं धंद्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. आमचा खास माल मिडीचा. मिडी म्हणजे कोय धरायच्या आतल्या, अंगठ्याएवढ्या कोवळ्या कैऱ्या. होळीच्या सुमारास अळणावरकडच्या रानातून बुट्ट्या भरून यायच्या. त्या अख्ख्या घालतात, आणि आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात. हे पाणी खारट असून भागत नाही, ते मिठाने भरलेलं लागतं. पाण्याला मिठाची भूक असते, पण त्या भुकेला हद्द आहे. शंभर किलो पाणी छत्तीस किलोच्या आसपास मीठ पोटात घेतं. त्यापुढे एक चिमूट नाही. पोट भरलेल्या पाहुण्याच्या पानात तुम्ही पोळी वाढली तर ती जशी तशीच पडून राहते, तसं वरचं मीठ तळाशी पडून राहतं. यालाच पुस्तकात संपृक्त द्रावण म्हणतात. अशा पाण्यात किडीचं काही चालत नाही. पाणी अर्धपोटी राहिलं तर मात्र मिडी आठवड्यात लिबलिबीत होते आणि मग तिचा वास अमरगोळ ओलांडून जातो.

ही गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा बसप्पाण्णांना समजावली असेल. ते यार्डात खानावळ चालवत. हमाल, गाडीवान, मिरची घेऊन आलेले शेतकरी त्यांच्याकडे जेवत, आणि ताटात लोणचं फुकट, मागाल तेवढं. त्यामुळे आमच्याकडे त्यांचं एकच मागणं असे: लोणचं इतकं खारट करा की माणसानं दुसऱ्यांदा मागू नये.

"अक्का, तुम्ही मिठात हात आखडता घेता," ते म्हणाले.

"बसप्पाण्णा, पाणीच आता मीठ घेत नाही."

"पाणी नको म्हणतंय की तुम्ही नको म्हणताय?"

मी तांब्यात पाणी घेतलं आणि मीठ घालून ढवळून दाखवलं. तळाशी मीठ उरलं. बसप्पाण्णांनी ढवळलं. घाम येईपर्यंत ढवळलं. मीठ जागचं हललं नाही. "तुमचा तांब्या बाद आहे," असं म्हणून त्यांनी खानावळीतून स्वतःचा तांब्या मागवला. त्यातही तेच. मग म्हणाले, "तापवा की. चहात साखर विरघळत नाही का?"

मी सांगितलं, साखरेची गोष्ट निराळी. पाणी तापलं की ते साखर भसाभस पोटात घेतं, मिठाचं मात्र तसं नाही. उकळत्या पाण्यातही जेमतेम दोन-चार चमचे जास्त जातं. त्यांना ते पटलं नाही. स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि दोघं समोर बसलो. पाणी उकळलं, वाफा निघाल्या, आणि तळाचं मीठ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं. बसप्पाण्णांनी आत डोकावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं.

"मीठ वाढलं. पाणी कुठं गेलं?"

"वाफ झाली."

"म्हणजे मीठ तर खाताच, आता पाणी पण खाता." आणि मग ते यार्डभर सांगत फिरले की लोणच्याच्या बाईंच्या विहिरीचं पाणी पोटानं नाजूक आहे.

पाणी किती भरलं ते मोजायला माझ्याकडे एक हायड्रोमीटर होता. काचेची नळी, खाली बुडाशी शिशाच्या बारीक गोळ्या, वर आकडे. मीठ गेलं की पाणी जड होतं, आणि जड पाणी जास्त भार उचलतं. म्हणून नळी वर येते. मी तो हौदात सोडला की गंगव्वा विचारायची, "आज ज्वर किती हाय, अक्कार?"

गंगव्वा आमच्या मिठाच्या कामाची मुख्य. अळणावरजवळच्या खेड्यातली. नवरा लाकडाच्या वखारीत होता. तो गेल्यावर ती हुबळीला आली आणि अप्पासाहेबांनी तिला कारखान्यामागची खोली राहायला दिली. अट एकच. कोंबड्या गावी ठेवून यायच्या. तिनं बहिणीकडे ठेवल्या आणि महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जायची. बहिणीला भेटायला जाते असं ती कधी म्हणाली नाही.

एका पावसाळ्यात बसप्पाण्णा अंगात कणकण असताना आले. मी विहिरीवर होते. परत येते तर ते माझ्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले, काखेत हायड्रोमीटर.

"किती आहे, अक्का?"

मी आकडा बघितला आणि जो होता तो अर्थ सांगितला. "बसप्पाण्णा, तुम्ही पाण्यापेक्षा हलके आहात."

त्यांना इतकं हसू आलं की हात उचलला गेला. नळीचे तुकडे झाले आणि शिशाच्या गोळ्या शेडभर पसरल्या. गंगव्वानं आणि मी रांगत सगळ्या वेचल्या. मी त्या एका डबीत भरून ठेवल्या. कशाला ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नवीन आणायचं काढलं तर अप्पासाहेब म्हणाले, "बाई, आज जमिनीवर फुटला. उद्या हौदात फुटला तर? लोणच्यात काच जाऊन चालणार नाही." बरोबर होतं. काच बंद झाली.

मग काय करायचं? लोक मिठाच्या पाण्यात अंडं सोडून बघतात. पण आमच्या कारखान्यात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. ज्यांना अंडं चालत नाही ते बटाटा सोडतात. अप्पासाहेबांना कंदमुळं वर्ज्य. बटाटा फाटकाच्या आत येऊ शकत नव्हता. चाखून बघावं तर सगळा हौद उष्टा. तळाशी मीठ उरलंय का ते बघावं, ही खरी परीक्षा. पण आमचं खडेमीठ इतकं मातकट की तळाशी कायम काहीतरी असायचंच, आणि ते मीठ आहे की चिखल हे वरून कळत नसे. प्रत्येक बंदी आपल्या जागी रास्त होती. सगळ्या मिळून मात्र असं झालं की हौदात काय आहे ते देवालाच ठाऊक.

आम्ही काय काय सोडून बघितलं. लिंबू साध्या पाण्यातही तरंगतं, त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडची चिकणी सुपारी दर खेपेला बुडाली. गंगव्वानं एकदा धुण्याच्या साबणाची वडी सोडली. पाणी नासलेल्या दुधासारखं फाटलं आणि हौद उपसावा लागला. अप्पासाहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "प्रयोग." त्यांनी मान डोलावली. प्रयोग या शब्दाचा त्यांना फार आदर होता.

शेवटी गंगव्वानं मार्ग काढला. गावाहून येताना ती पान-सुपारीच्या चंचीत, फडक्यात गुंडाळून, एक तत्ती आणायला लागली. तत्ती म्हणजे अंडं. भल्या सकाळी, कोणी यायच्या आत, ती ते तळहातावरून हौदात सोडायची, बघायची, आणि परत चंचीत. मी तिला म्हटलं, निदान जाळीत बांधून तरी सोड. तिचं म्हणणं, बांधलेली तत्ती खरं बोलत नाही. मी तिला हेही सांगितलं की अंडं फार लवकर वर येतं. पाणी तिसऱ्या हिश्शाएवढं भरलं तरी ते तरंगतं. ते वर आलं म्हणजे हौद जेवला असं नाही, हौद निदान उपाशी नाही एवढंच.

गंगव्वा म्हणाली, "मग आधी तत्तीचं ऐकू, मग तुमचं." आणि तसंच ठरलं. अंडं वर येईपर्यंत जेवढं मीठ लागे, त्याच्या दुप्पट आम्ही नंतर आणखी घालत असू. हिशेब चोख बसला. दोन हंगाम निर्धास्त गेले.

तिसऱ्या हंगामात होळी आडवी आली. हुबळीत होळी एका दिवसात संपत नाही; पाचव्या दिवशी रंग असतो आणि तोवर कोणी माणसात नसतं. आमची हौद ढवळणारी माणसं पोती रिकामी करून जी गेली ती गेली. इकडे अळणावरहून निरोप आला की रंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिडीची गाडी येतेय. पहिली मिडी आली की अप्पासाहेब स्वतः येत, हौदाच्या काठावर दिवा लावत, हळद-कुंकू वाहत, आणि पहिली ओंजळ आपल्या हाताने पाण्यात सोडत. आईपासूनची रीत. बसप्पाण्णांना मोठं गिऱ्हाईक म्हणून त्या दिवशी आमंत्रण असे.

त्या सकाळी मी कारखान्यात पाऊल ठेवलं तर गंगव्वा हौदाजवळ उभी. रिकामा तळहात अजून पुढे धरलेला.

"अक्कार, आत गेली."

"काय?"

"तत्ती. वर येईल म्हणून उभी राहिले. आलीच नाही की."

मी हौदात बघितलं. मातीने गढूळ झालेलं पाणी, स्वतःचं मनगटही दिसत नव्हतं. काय झालं असेल ते मला लगेच कळलं, त्यात माझी हुशारी नाही, पुस्तकात असतंच. मीठ ओतून कोणी ढवळलं नव्हतं. त्यामुळे मीठ तळाशी, त्याच्या अंगालगतचं पाणी भरलेलं आणि जड, आणि वर जवळजवळ विहिरीचं साधं पाणी. अंडं हलक्या पाण्यातून खाली गेलं, आणि जड पाण्याने त्याला अडवलं. म्हणजे ते बुडालं नव्हतं आणि तरंगतही नव्हतं. हौदाच्या पोटात त्रिशंकू होऊन लटकलं होतं.

ढवळलं असतं तर वर आलं असतं, पण वल्ह्याचा एक फटका आणि सगळा हौद अंड्याचा. गंगव्वानं लांब दांड्याचा झारा आत घातला. हलकेच फिरवला. टक् असा आवाज आला. तिनं झारा सोडूनच दिला.

"फुटलं?" मी विचारलं.

"ठाव नाही," ती म्हणाली, आणि मग हळूच, "खोली जाईल, अक्कार."

ती बरोबर बोलत होती. अप्पासाहेब तिच्यावर ओरडले नसते, पण तिला ठेवूनही घेतलं नसतं. त्यांच्या आईच्या हौदात अंडं, हे त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. नोकरी माझीही गेली असती, पण मला घर होतं, सासूबाई होत्या, त्या वर खूषच झाल्या असत्या. गंगव्वाला ती खोली सोडली तर हुबळीत काही नव्हतं, आणि गावी फक्त कोंबड्या होत्या.

मी म्हटलं, "मीठ वरून टांगू या."

ही धंद्यातली जुनी युक्ती आहे. मीठ तळाशी ओतलं की तिथेच बसतं. तेच बुट्टीत भरून पाण्याच्या वरच्या थराला टेकेल असं टांगलं, तर ते विरघळून जड झालेलं पाणी आपोआप खाली जातं, हलकं वर येतं, आणि हौद स्वतःच स्वतःला ढवळतो. हात लावावा लागत नाही. वरचं पाणी जड होईल तसं अंडं उचललं जाईल. अप्पासाहेब यायच्या आत आलं, तर गंगव्वा ते चंचीत टाकेल आणि पुढे कोणाला काही कळणार नाही.

माणसं यायला लागली होती. तोंडं अजून जांभळी-हिरवी, डोळे तारवटलेले. त्यांनी काही न विचारता हौदावर बांबू आडवे टाकले, बुट्ट्या बांधल्या, मीठ भरलं. आम्ही दोघी काठावर उभ्या राहून पाण्याकडे बघत होतो. मिडीची गाडी आली, बुट्ट्या उतरल्या, शेडभर कच्च्या चिकाचा वास पसरला. पाण्यावर काही नाही. बुट्ट्यांतलं मीठ खचत होतं, आम्ही वरून भरत होतो.

अप्पासाहेब त्या दिवशी नेमके लवकर आले. म्हणाले, ऊन चढायच्या आत उरकू या. पाठोपाठ बसप्पाण्णा, कानामागे अजून गुलाल.

"हौदाला शिंकी का टांगली?" बसप्पाण्णांनी विचारलं.

"प्रयोग आहे," अप्पासाहेबांनीच उत्तर दिलं. त्यांनी दिवा लावला, कुंकू वाहिलं, हात जोडले, डोळे मिटले.

आणि दोन बुट्ट्यांच्या मधे पाण्यावर एक पांढरा ठिपका आला. आधी नखाएवढा, मग रुपयाएवढा. मग सबंध टोक वर येऊन सावकाश डोलायला लागलं. अखंड होतं, कुठे चरा नव्हता. एवढं सुंदर अंडं मी आयुष्यात बघितलं नाही.

"काय हो हे?" बसप्पाण्णा म्हणाले.

गंगव्वाच्या तोंडून निघून गेलं, "आलूगड्डी."

अप्पासाहेबांनी डोळे उघडले. "बटाटा?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिनं आगीतून काढून फुफाट्यात घातलं आहे. "इल्लरी, धनी, आलूगड्डी नव्हं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

"हायड्रोमीटर आहे," मी म्हटलं. "नवीन."

अप्पासाहेब पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"काचेचा?"

"नाही. कॅल्शियम कार्बोनेटचा." अंड्याचं कवच त्याचंच असतं. केमिस्ट म्हणून मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

"फुटतो?"

"जपला नाही तर फुटतो."

"आत पोकळ असतो?"

"भरलेला, धनी," गंगव्वा म्हणाली. तिला खोटं बोलायची सवयच नव्हती.

बसप्पाण्णा म्हणाले, "अहो, पण हे तर सरळ सरळ..."

"बसप्पा," अप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "केमिस्ट सांगताहेत ना." मग माझ्याकडे वळून, "पाणी किती भरलंय म्हणतो तो?"

"तिसरा हिस्सा."

ते हौदाभोवती एक फेरी मारून आले. बाहेरच्या कोरड्या ठणठणीत भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हौद गळतोय."

हौद कुठेही गळत नव्हता.

"गळतोय," ते पुन्हा म्हणाले. "सगळं पाणी सोडून द्या. हौद चांगला घासून, उन्हात वाळवा. या वर्षी मिडी कोरड्या मिठात घाला, आई परसात घालायची तशा." त्यांनी दिवा उचलला आणि रिकाम्या पिंपांपाशी नेऊन ठेवला. जाता जाता थांबले. "गंगव्वा, तो हायड्रोमीटर तुझ्या गावी ठेव. इथली हवा त्याला सोसायची नाही. तू परत ये."

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभी होते. नंतर एका पोत्यावर बसले आणि मला रडू आलं. गंगव्वा रडली नाही. तिनं अंडं उचललं, पदराने पुसलं, चंचीत घातलं आणि बसप्पाण्णांना म्हणाली, "बघत काय बसलाय, मिडी निवडा की." आणि खानावळीचा तो मालक खरोखर आमच्याबरोबर बसून मिडी निवडायला लागला.

कोरड्या मिठाची रीत सोपी आहे. मिडीचा थर, मिठाचा थर. मीठ मिडीचंच पाणी ओढून काढतं, आणि त्या पाण्यात मीठ उरतं इतकं असतं, म्हणजे ते भरलेलंच राहतं. मोजायची भानगड नाही. तो त्या काळातला आमचा सर्वांत चांगला माल. बसप्पाण्णा महिनाभरात तक्रार घेऊन आले. "अक्का, लोणचं फार चांगलं झालंय. हमाल भाताबरोबर लोणचं नाही, लोणच्याबरोबर भात खातात. असं करू नका."

पण पिंपं कमी पडायची, म्हणून पुढच्या हंगामात हौदाकडे परत यावं लागलं. मिडी यायच्या आधी अप्पासाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर फडक्याची एक पुरचुंडी होती. त्यांनी ती पेन्सिलीने माझ्याकडे सरकवली. हात लावला नाही. मी फडकं उघडलं. आत पितळेचं अंडं.

ते त्यांनी कमरीपेठेतल्या एका तांबटाकडून करून घेतलं होतं. पुढे मला तांबटानेच सगळं सांगितलं. अप्पासाहेब दुकानात जाऊन म्हणाले, "लिंबाहून लांबट, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला नाही, आतून पोकळ." तांबटानं विचारलं, "तत्तीसारखं?" तर म्हणाले, "तुम्हाला वाटेल तसं."

"पाणी पुरतं भरलं असेल तेव्हाच वर यावं," ते मला म्हणाले. "तिसऱ्या हिश्शाला नव्हे. तेवढं वजन तुम्ही बघून घ्या. हा न फुटणारा आहे."

मी घरून डबी आणली. जुन्या हायड्रोमीटरच्या शिशाच्या गोळ्या तांबटानं एका भोकातून आत सोडल्या. बादलीत भरल्या मिठाचं पाणी घेऊन आम्ही एकेक गोळी कमी-जास्त करत बसलो. जेमतेम टोक वर येईल असं वजन जमलं तेव्हा त्यानं भोक डाखलं. म्हणजे तो हायड्रोमीटर होता. आता कोणी शपथ घालून विचारलं असतं तरी मी सांगू शकले असते.

अप्पासाहेबांना त्या सकाळी सगळं कळलं होतं, हे मला तेव्हा लख्ख समजलं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी बोलायला हवं होतं असं आज वाटतं. निदान आभार मानायला हवे होते. पण कशाचे आभार, ते शब्दात आणलं असतं तर त्यांना ते ऐकूनच घेता आलं नसतं.

पुढे पाकिटातली लोणची आली, मोठ्या कंपन्यांच्या गाड्या यार्डात यायला लागल्या. अप्पासाहेब थकले होते, मुलं दुसऱ्या धंद्यात. कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हवं ते एकेक न्या. कोणी पिंप नेलं, कोणी तराजू. गंगव्वानं पितळेचं अंडं मागितलं. अप्पासाहेब म्हणाले, "ने. तुझंच आहे."

ती गावी गेली. नंतर कळलं की तिनं ते कोंबडीखाली ठेवलंय. डालीत एक अंडं दिसलं की कोंबडी तिथेच घालते, इकडे तिकडे जात नाही, म्हणून खेड्यात एखादं ठेवतात. मी हे अप्पासाहेबांना सांगितलं तेव्हा ते आजारी होते. उशीवर मान टेकून इतके हसले की मुलगा धावत आला.

ते गेले तेव्हा गंगव्वाला मीच जाऊन सांगायचं ठरवलं. अळणावरला उतरून पुढे टमटमने तिचं गाव गाठलं. तिनं ऐकून घेतलं. मागे गेली, कोंबडीला उठवलं, पितळेचं अंडं आणून राखेनं घासलं आणि पातेल्यात पाणी घेऊन त्यात सोडलं. ते तळाशी जाऊन बसलं. ती मीठ घालायला लागली.

घरातलं मीठ संपलं. अंडं हललं नाही. ती शेजारी गेली. शेजारणीनं मीठ हातावर न देता, भांडण नको म्हणून, ताटलीत घालून उंबऱ्यावर ठेवलं, ते घेऊन आली. तेही संपलं. मग मी दुकानातून पुडा आणला. ती हाताने सावकाश ढवळत होती आणि मी घालत होते, जसं आम्ही कितीतरी हंगाम केलं होतं. शेवटी तळाशी मीठ उरायला लागलं, आणि टोक वर आलं.

"आला, धनी," गंगव्वा म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पण माझं थांबवलं नाही.

कोंबडी तोवर दारात येऊन उभी होती, मान वाकडी करून पातेल्याकडे बघत. गंगव्वानं अंडं साध्या पाण्यानं धुतलं, पदरानं कोरडं केलं, डालीत नेऊन ठेवलं. कोंबडीनं एकदा चोच मारून बघितलं, टण् असा आवाज झाला, आणि ती पंख पसरून त्यावर बसली.

"हिला ठावं हाय, अक्कार, हे खरं नव्हं," गंगव्वा म्हणाली. "तरी बसती."